बर्डीवरची कॉफी

चहावाला दाराशी दिसला, की तिचे टाइपरायटरवरचे हात थांबायचे आणि ड्रॉवरमधली पर्स टेबलावर यायची. तिचे पैसे कोणी देऊ केले, तर म्हणायची, "माझं मी देईन वं." समोर पुरुष असला तर 'वं'च्या जागी 'गा'. बाकी वाक्य तेच.

सत्तरच्या दशकात नागपूरच्या एका सरकारी कचेरीत आम्ही दोघीच टायपिस्ट होतो. ती रोज कामठीहून बसने यायची. वडील गेल्यावर दोन्ही भावांची शिक्षणं तिनंच केली, त्यात स्वतःचं लग्न मागे पडलं. अशी एखादी तुम्हीही पाहिली असेल. साऱ्या गल्लीला तिची काळजी असते, आणि तिला मात्र वेळ नसतो.

पहिलं स्थळ आलं ते एका बँकेतल्या कारकुनाचं. आधी बर्डीवर, बाजारातल्या एका हॉटेलात, कॉफी प्यायला भेटायचं ठरलं. एकटी कशी जाणार, म्हणून मी सोबत. गप्पा बऱ्या चालल्या होत्या. बिल आलं, त्यानं खिशात हात घातला, तेवढ्यात हिनं आमच्या दोघींचे पैसे बशीत ठेवले. तो हसला, पण मग घड्याळ पाहून लगेच उठला. चार दिवसांनी नकार आला. मुलगी जरा जास्तच पुढारलेली आहे म्हणे.

"एक दिवस गप्प बसली असती तर काय झालं असतं तुले?" मी म्हणाले.

"त्याले वाटलं असतं, मी तशीच आहो," ती म्हणाली. "लग्न झाल्यावर कळलं असतं, तर ते फसवणंच झालं ना वं?"

एरवी तिच्या टायपिंगमध्ये चूक सापडत नसे. त्या दिवशी एका पत्रात तीन निघाल्या.

वर्षभरानं रामटेकचे एक मास्तर आले. तीच कॉफी, तशीच मी. वाटेत मी तिला परोपरीनं सांगितलं, आज पर्स उघडू नको. तिनं उघडलीच.

मास्तरांनी बशीकडे पाहिलं आणि ते शांतपणे म्हणाले, "मग माझेही तुम्हीच द्या. पगार अडकून आहे, खिशात बसभाड्यापुरतेच आहेत. पण आलो नसतो तर तुम्ही वाट पाहून राहिल्या असत्या. पुढच्या वेळचं माझं."

तिनं त्यांचेही पैसे बशीत ठेवले आणि म्हणाली, "पुढच्या वेळी मी आलूबोंडाही खाईन."

त्या पुढच्या वेळी त्यांनी मला नेलं नाही.

लग्न कामठीच्या विहारात झालं. मग तिनं रामटेकला बदली मागून घेतली आणि माझ्या शेजारची खुर्ची रिकामी झाली.

एका रविवारी मी त्यांच्याकडे गेले. ती ओसरीवर पाय पसरून पेपर वाचत होती. "बस वं," ती म्हणाली. "आज स्वयंपाक मास्तरचा आहे."

आमची ती शेवटची भेट; पुढं माझीही बदली लांब झाली. मास्तर कपाळावर पीठ घेऊन बाहेर आले आणि त्यांनी पोळ्यांची ताटली मध्ये ठेवली. वरची पोळी करपलेली होती. तिनं ती स्वतःच्या ताटात घेतली, आणि खालची गरम, चांगली फुगलेली मला वाढली.