आर्थरच्या गाण्याचं निवेदन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, की त्या संध्याकाळी हॉलमध्ये असलेल्या दोस्तांना नाही. तुम्हालाच का सांगतोय? — ठाऊक नाही. ऐका झालं.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. मी तेव्हा आखातात होतो, जाब्रियाच्या एका इस्पितळात एक्स-रे काढायचो, राहायचो अबू हलीफाला. आणि गायचो. आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीत शेवटचं, मानाचं गाणं दरवर्षी माझंच. त्या वर्षी मंडळाने ते कुणाला द्यावं? माझ्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आर्थरला! तेलकंपनीतल्या कामगारांना इंग्रजी शिकवणारा म्हातारा. तरुणपणी इंग्लंडात गावोगावच्या गुत्त्यांत गिटार घेऊन जुनी लोकगीतं गायचा, रेकॉर्डीही निघाल्या होत्या. मग एकाएकी गाणं सोडलं. आणि मला काय, तर म्हणे त्याचं निवेदन कर! नुसता जळफळाट झाला माझा — खोटं कशाला बोलू?

निवेदन नीट व्हावं म्हणून आर्थरने मला घरी बोलावलं, चहा दिला, गाण्याचा अर्थ समजावला. समुद्रात बुडालेल्या मुलीला बाप किनाऱ्यावरून हाका मारतोय. दर कडव्याच्या शेवटी हनुवटी वर करून एकच ओळ — घरी ये, पोरी. सांगता सांगता तो थांबला. त्याची स्वतःची मुलगी तशीच गेली होती. गाणं सुटलं ते तेव्हाच. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा गातोय, म्हणाला, लोकांना नीट सांग. मला वाईट वाटलं का? वाटलं की. तरीही —

तरीही मी माइक हातात घेतला आणि मराठीत सांगितलं — या साहेबाची बायको मासेवाल्याचा हात धरून पळाली, आणि हा किनाऱ्यावर बोंबलतोय. त्याने हनुवटी वर केली की तुम्हीही हाक मारा!

त्याला मराठीचा गंध नाही. गाणं जुन्या, खेडवळ इंग्रजीतलं, आमच्या डॉक्टरमंडळींनाही शब्द लागेनात. पहिल्याच कडव्याला कोकणातले आमचे वेल्डर, फिटर एका सुरात ओरडले, "ये गो बाये, ये!" शिट्ट्या काय, टाळ्या काय! बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मीही हसलो. चांगला पोट धरून हसलो.

पुढच्या कडव्यात त्याचा आवाज चिरकला. गिटारवरचा हात थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. तेव्हा तरी मी — नाही. मी हातानेच खूण केली, चालू द्या. तो उठून आत गेला.

पडद्यामागे त्याने एवढंच विचारलं, "माझ्या मुलीचं सांगितलं होतंस ना त्यांना?"

एका वाक्याचं काम होतं. मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "सगळं सांगितलं. आमची माणसं अशीच आहेत."

त्याने गिटार पेटीत ठेवली. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "यात तुझा काय दोष?" त्यानंतर तो कधीच गायला नाही. पुढे अनेक वर्षं जिन्यात भेटायचा, मला हसून नमस्कार करायचा, दुसऱ्या कुणाही मराठी माणसाकडे बघायचा नाही.

आणि त्या संध्याकाळी? शेवटची जागा रिकामी झाली होती. मी पडद्याबाहेर जाऊन गायलो. वन्स मोअर मिळाला. तोही घेतला.