धडधाकटांचे अप्पा

आजारी कुत्रं घेऊन कोणी अप्पांच्या दारात आलं, की अप्पा त्याला हातसुद्धा लावत नसत. "इथे कशाला आणलंस? डॉक्टरकडे ने, आत्ताच्या आत्ता ने," असं म्हणून स्वतः रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवून देत. पण एखादं गुटगुटीत, शेपटी हलवत मजेत चाललेलं कुत्रं दिसलं, की अप्पा सायकलवरून उतरलेच म्हणून समजा. मालक ओळखीचा असो वा नसो, त्याला थांबवून ते कुत्र्याचा जबडा उघडत, कानाचा वास घेत, पंजे चाचपत. मालक बिचारा गोंधळून म्हणे, "अहो, पण याला काही झालेलं नाही!" त्यावर अप्पांचं उत्तर ठरलेलं असे, "म्हणून तर बघतोय. आजारी जनावर डॉक्टरचं, धडधाकट माझं."

विरारहून आगाशीला जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची वाडी होती. केळी, पानवेली, कुंपणाला सोनचाफा आणि मधोमध बावखल, म्हणजे वाडीला पाणी पुरवणारं लहानसं तळं. घराणं पिढीजात बागायतदारांचं, पण अप्पांची उभी हयात गेली रेल्वेच्या कारशेडमध्ये, गाड्या तपासण्यात. हातोडीने चाक ठोकायचं, आवाज ऐकायचा, पुढच्या चाकाकडे जायचं. निवृत्त झाल्यावर गाड्या सुटल्या, पण तपासायची खोड काही सुटली नाही. "बिघडलेली गाडी स्वतःच बोंबलते," ते म्हणत. "तिला बघायला सगळे धावतात. न बिघडलेली गप्प उभी असते. तिच्याकडे कोण बघणार?"

मी मूळची साताऱ्याकडची. आमच्याकडे कुत्रं म्हणजे भाकरतुकडा खाऊन दारात पडलेलं आणि अनोळखी माणूस आला की भुंकणारं. त्याला औषध, त्याला लस, असलं काही कोणी ऐकलंही नव्हतं. नव्वदच्या दशकात लग्न होऊन मी विरारला आले, तेव्हा नवरा सकाळी मुंबईला जायचा तो अंधार पडल्यावरच परतायचा. ओळखीचं कोणी नाही, बोलायचं तरी कोणाशी? एक दिवस इमारतीच्या जिन्याखाली एक पिवळसर पिल्लू कुईकुई करताना दिसलं आणि मी ते सरळ पदरात घालून वर आणलं. तीच आमची चिंगी. त्या घरात मी मनातलं जे काही बोलले, त्यातलं निम्मं तरी तिच्याशी बोलले असेन.

दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन फाटकापाशी उभी होते, तोच करकचून ब्रेक लावल्याचा आवाज आला. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, सायकलच्या दांडीला केळीचा घड बांधलेला. काही न विचारता त्यांनी पिल्लू माझ्या हातातून घेतलं, उलटं केलं आणि त्याच्या पोटावर टिचकी मारली.

"जंताचं औषध दिलं?"

"अहो, कालच तर आणलंय हिला."

"मग काल द्यायचं होतं!"

असा राग आला मला! कोण हा म्हातारा, ना ओळख ना पाळख, आणि माझ्यावर डाफरतोय! मीही काही कमी नव्हते. म्हटलं, "एवढी काळजी आहे तर तुम्हीच द्या." अप्पा पहिल्यांदाच हसले. "देतो. पण मग दर रविवारी वाडीवर आणायची. चुकवायचं नाही. कबूल?" मी आपली तिरीमिरीत कबूल म्हणून बसले आणि पुढची कितीतरी वर्षं ते निभावत राहिले.

रविवारची ती तपासणी बघण्यासारखी असे. बावखलाच्या काठी सिमेंटचा एक बाक होता. आजूबाजूच्या घरांतली कुत्री आपापल्या माणसांसह तिथे हजर होत आणि एकेक जण बाकावर चढे. "इंजिनापासून गार्डाच्या डब्यापर्यंत," असं म्हणून अप्पा नाकापासून सुरुवात करत. ओठ वर करून हिरडीवर अंगठा दाबत आणि पांढरी झालेली जागा पुन्हा गुलाबी कशी होते ते बघत. कान, डोळ्यांच्या कडा, मान, प्रत्येक बोटाच्या बेचक्यात गोचीड आहे का, नखं वाढलीत का, पोट, शेपटीचं मूळ, सगळं सगळं. घाई नाही, गप्पा नाहीत. शेवटी पाठीवर एक थाप मारून म्हणत, "फिट. सोडा गाडी!" तेवढं ऐकलं की कुत्रं उडी मारून खाली. चिंगी तर इतकी शहाणी, की ते शब्द कानांवर पडल्याशिवाय बाकावरून उतरतच नसे.

जंताची गोळी द्यायची असली, की अप्पांचा हात काकींच्या डब्याकडे जाई. काकी म्हणजे अप्पांच्या पत्नी. केळी उन्हात वाळवून त्या सुकेळी करत, आणि त्यांच्या हातची सुकेळी म्हणजे काय सांगू, मधाची गोडी! गोळी त्या सुकेळ्यात दडवली की कुत्रं मिटक्या मारत गिळून मोकळं होई. काकींचा मात्र तिळपापड व्हायचा. नवराबायको आपसात घरच्या बोलीत भांडत, त्यातलं मला अर्धंमुर्धं कळे, पण मग काकी माझ्याकडे वळून खास मला कळावं म्हणून नेहमीच्या मराठीत म्हणत, "जावयाला पुरवून पुरवून वाढते मी, आणि हे कुत्र्यांना वाटतात! ह्यांना माणसांपेक्षा शेपट्या प्याऱ्या." अप्पा शांतपणे दुसरं सुकेळं उचलत.

पिसाळण्याच्या रोगाची लस वर्षाकाठी टोचायची असते आणि लोक नेमके तेच विसरतात. त्यावर अप्पांनी काढलेली तोड मी जगात दुसरीकडे कुठे पाहिली नाही. त्यांच्या वाडीत पूर्वी गाई होत्या, वसुबारसेला त्यांची पूजा व्हायची. गाई गेल्या. अप्पा म्हणाले, "गाय नाही म्हणून सण बुडवायचा? जे जनावर दारात आहे, त्याची वसुबारस." तेव्हापासून दर वसुबारसेला गल्लीतली कुत्री आंघोळ घालून वाडीत आणली जात. कुरकुर करत का होईना, काकीच निरांजन घेऊन त्यांना ओवाळत, कपाळावर कुंकवाचं बोट टेकवत, आणि मग स्कूटरवरून आलेले तरुण डॉक्टर एकेकाला सुई टोचत. दिवाळी कोण विसरणार? मग लसही कोणी विसरत नसे. कुंकू लावलेली ती कुत्री रांगेत बसलेली पाहिली, की मला हसूही येई आणि हात आपोआप जोडलेही जात.

एका वसुबारसेला मात्र गंमतच झाली. त्या काळी आमच्याकडे वीज जायची म्हणजे तासन् तास जायची. निरांजन लागलं, कुत्री रांगेत बसली, डॉक्टरांनी पिशवीतून लसीची बाटली काढली. अप्पांनी ती हातात घेतली, गालाला लावली आणि अलगद परत दिली. "कोमट आहे, डॉक्टर." डॉक्टर चपापले. दवाखान्याचा फ्रिज कालपासून बंदच होता, बर्फ भरलाय असं समजून त्यांनी पिशवी तशीच उचलून आणली होती. रागावले नाहीत, उलट म्हणाले, "बरं झालं अप्पा, लक्षात आणून दिलंत." आम्ही बायका कुजबुजायला लागलो, एवढा घाट घातलाय, आता टोचून टाकायला काय हरकत आहे? अप्पा आमच्याकडे वळले. "ऊब लागली की लस वाया जाते. टोचली असं वाटेल आणि टोचलेली नसेल. त्यापेक्षा न टोचलेली बरी, निदान भीती तरी राहील." त्या वर्षी आमच्या गल्लीत वसुबारस भाऊबीज उलटून गेल्यावर झाली. काकींनी पुन्हा निरांजन लावलं, तेही न कुरकुरता.

पुढे अप्पांना काचबिंदू झाला. नजर कडेकडेने विझत गेली. सायकल सुटली, पण रविवार सुटला नाही. बाकाशी उभे राहून ते नुसत्या बोटांनी तपासू लागले आणि मला म्हणाले, "तूही डोळे मीट. डोळा फसवतो, पोरी. केस चकचकीत दिसले की त्याला सगळंच छान वाटतं. बोटांना विचार." सुरुवातीला मला काही म्हणता काही कळेना. हळूहळू बोटं बघायला शिकली. चिंगीच्या कोणत्या फासळीपाशी तिला गुदगुल्या होतात, कोणत्या पंजाची गादी खरखरीत आहे, ते मला तोंडपाठ झालं. तरी अप्पांच्या बोटांपुढे माझी बोटं म्हणजे काहीच नव्हेत.

त्याचा पुरावा एका रविवारी मिळाला. चिंगी तेव्हा पोक्त झाली होती. अप्पांचे हात तिच्या पोटावरून सरकत मागे आले आणि शेवटच्या स्तनापाशी थांबले. मागे गेले, पुन्हा तिथेच आले. त्यांनी माझं बोट धरून तिथे टेकवलं. मला आधी काहीच लागेना. मग कातडीखाली मुगाच्या दाण्याएवढं काहीतरी सरकलं.

"मागच्या रविवारी हे नव्हतं," अप्पा म्हणाले. त्यांनी दोन्ही हात तिच्या अंगावरून उचलले आणि पाठीमागे धरले. "पोरी, ही आता माझी नाही. डॉक्टरची. आजच ने."

पाठीवर थाप नाही, "सोडा गाडी" नाही. चिंगी बाकावर तशीच उभी, एकदा त्यांच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. शेवटी मीच तिला उचलून घरी आणली. नवरा म्हणाला, "अगं, खातेय, पितेय, उड्या मारतेय. एवढ्याशा दाण्याचं काय घेऊन बसलीस? महिनाभर बघू." मी म्हटलं, "अप्पांनी हात काढून घेतलाय." तो अप्पांना ओळखून होता. त्याने लगेच चपला घातल्या.

आमच्या डॉक्टरांनी तपासून मुंबईच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. तिथे ती गाठ काढली, तपासायला पाठवली, आणि ती वाईट जातीची निघाली. पण मुळं धरायच्या आत निघाली होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "एवढीशी गाठ तुम्हाला दिसली कशी?" मी म्हटलं, "दिसली नाही. ज्यांना सापडली, त्यांना दिसत नाही."

टाके असेपर्यंत अप्पांनी चिंगीला हात लावला नाही. आम्ही वाडीवर गेलो की ती शेपटी हलवत त्यांच्या पायाशी जाई आणि ते हात मागे बांधून म्हणत, "अजून डॉक्टरची आहेस बाई." टाके निघाले, जखम भरली, त्यानंतरच्या रविवारी मात्र त्यांनी स्वतः बाकावर थोपटलं. चिंगी चढली. नाकापासून शेपटीपर्यंत सगळं झाल्यावर त्यांनी पाठीवर थाप मारली, "फिट. सोडा गाडी!" मी भर वाडीत ढसाढसा रडले. लाज कसली त्यात?

त्यानंतर दोनेक वर्षांनी अप्पांनी अंथरूण धरलं. दवाखान्यात भेटायला गेले तर हाताला नळ्या, अंग सुकून गेलेलं. मी आल्याचं त्यांनी आवाजावरून ओळखलं. मी आपली नेहमीसारखी बडबडत होते, बरे व्हाल, वसुबारस तोंडावर आली आहे, काकींची सुकेळी उन्हात पडली आहेत. अप्पांनी हात जरासा वर करून मला थांबवलं.

"पोरी, आता मी डॉक्टरचा," ते म्हणाले. "धडधाकट आहेत ती तुझी."

त्याच आठवड्यात ते गेले.

दिवसवार झाल्यावरच्या रविवारी सकाळी चिंगी दाराशी जाऊन उभी राहिली. मला जायचं नव्हतं. तिने इतका उच्छाद मांडला, की शेवटी साखळी लावून निघाले. वाडीत शुकशुकाट होता. बाकावर चाफ्याची पानं पडली होती. चिंगीची मागची तंगडी आता दुखरी, तरी ती स्वतःच्या स्वतः चढली आणि उभी राहिली. मी इकडेतिकडे पाहिलं, डोळे मिटले आणि नाकापासून सुरुवात केली. हिरडी, कान, मान. बोटांच्या बेचक्या. पोटावरचा तो जुना व्रण. काही सोडलं नाही.

तपासून झालं. पाठीवर थाप मारली, पण तोंडातून शब्द फुटेना. चिंगी हलली नाही. मान वळवून माझ्याकडे बघत तशीच उभी राहिली.

ओटीवर पावलं वाजली. काकी केव्हा येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे. एका हातात सुकेळं होतं, दुसऱ्या हाताने पदर डोळ्यांना लावलेला. त्यांनी तो खाली केला, घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "फिट आहे ना? मग सोडा गाडी!"

चिंगीने उडी मारली.