एकतीस विरुद्ध तीस

चष्मेवाल्या काकूंना खोटं बोलता येत नाही, हे अख्ख्या बाजारपेठेला ठाऊक. गिऱ्हाईक नवी फ्रेम लावून आरशासमोर उभं राहिलं, की काकू तोंडावर सांगणार, "नाही हो शोभत. काढा बघू ती." महागातली फ्रेम हातची जायची, पण गिऱ्हाईक जन्माचं बांधलं जायचं. अशा या बाईनं एका रविवारी भर सभेत आपल्या लग्नाच्या नवऱ्याला पाडलं. कसं, ते ऐका.

काकूंचे यजमान, सगळ्यांचे भाऊ, हे प्रांतातल्या पक्षाचे उपनेते. उपनेता म्हणजे काय, तर नेता खुर्चीत बसणार आणि हा ती खुर्ची आधी पुसून ठेवणार. बावीस वर्षं भाऊंनी हेच केलं, आणि मनापासून केलं. घरात माणसांचा राबता, दारात चपलांचा ढीग. काकूंनी दुकान सांभाळलं, दोन मुली शिकवल्या, शिवाय बाजारपेठेच्या शाखेची प्रतिनिधी म्हणूनही त्याच. दुसरं कुणी तयारच होईना, मग काय करता?

यंदा म्हाताऱ्या नेत्यांनी जाहीर करून टाकलं, की आता मला जिने चढवत नाहीत, दुसरा शोधा. उमेदवार दोन. एक भाऊ, दुसऱ्या वकीलबाई. वकीलबाई वयानं लहान, जिभेनं तिखट, पण कामाला वाघीण. भाऊंसाठी चौकातला बेकरीवाला सहा महिने दुपारी भट्टी बंद करून दारोदार फिरला. "भाऊ, आता तुमची पाळी," असं तो दिवसातून दहादा म्हणायचा, आणि प्रत्येक वेळी काकू उठून आत जायच्या.

कारण भाऊंच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू होता. तो आधी काकूंनीच ओळखला. दुकानातल्या तपासणीच्या खुर्चीत भाऊंना बसवलं आणि त्या म्हणाल्या, "समोर बघा. कडेनं माझं बोट दिसलं की सांगा." बोट सरकत सरकत पार नाकाजवळ आलं तरी भाऊ गप्प! काकू त्यांना दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, की गेली ती नजर गेली. उरलेली वाचेल, पण ऑपरेशन लवकर करा. तारीख मिळाली. भाऊंनी पुढे ढकलली. दुसरी मिळाली, तीही ढकलली, तिसरीही. आता चौथी होती, येत्या गुरुवारची. तर आठवड्यापूर्वी भाऊ म्हणाले, "रद्द कर. निवडून आलो तर गुरुवारीच पहिली बैठक."

काकूंनी मान हलवली आणि गिऱ्हाइकाकडे वळल्या. हा माणूस एकदा त्या खुर्चीत बसला, की दवाखान्याचं तोंड बघणार नाही आणि वर्षभरात मुलींची तोंडंही त्याला दिसणार नाहीत, हे त्यांना लख्ख कळत होतं. सांगून झालं, भांडून झालं, दोन दिवस अबोला धरून झाला. भाऊंचं आपलं एकच, "लोकांना शब्द दिलाय गं."

आता या पक्षाची एक जुनी खोड. इथे मतपत्रिका छापत नाहीत. प्रत्येक प्रतिनिधीनं कोऱ्या चिठ्ठीवर आपल्या नेत्याचं नाव स्वतःच्या हातानं लिहायचं. आणि हरलेल्याला वाटलंच, तर चिठ्ठ्या जाळण्यापूर्वी त्या उघडून बघण्याचा त्याला हक्क. शाखांचे अहवालही हातानंच लिहायची रीत, त्यामुळे दोन्ही उमेदवार धरून एकसष्ट प्रतिनिधींत कुणाचं अक्षर कुणाला ठाऊक नाही असं नव्हतंच. म्हणायला मतदान गुप्त, बरं का!

रविवारी सकाळी कार्यालयाच्या लांब खोलीत लोखंडी खुर्च्या मांडल्या होत्या. लिहिण्यासाठी कपाटामागे एक टेबल. काकूंचा नंबर आला. त्या कपाटामागे गेल्या, पेन उजव्या हातात धरलं, थांबल्या, आणि ते डाव्या हातात घेतलं. वकीलबाईंचं नाव असं काही उमटलं, की पहिलीतल्या पोरानं लाजावं. चिठ्ठीची चार वेळा घडी घालून त्यांनी ती डब्यात टाकली आणि भाऊंच्या शेजारी येऊन बसल्या. तळहाताला घाम फुटला होता. भाऊंनी विचारलं, "बरं वाटत नाही का?" "उकडतंय," काकू म्हणाल्या. आयुष्यातलं पहिलं खोटं, तेही खिडकीतून गार वारा येत असताना.

मोजणी म्हाताऱ्या नेत्यांनी केली. एकेक चिठ्ठी उघडून नाव वाचायचं, की बाजूची मुनीमबाई फळ्यावर रेघ मारायची. भाऊ पुढे, वकीलबाई पुढे, पुन्हा भाऊ. तीस-तीस झाले आणि मुनीमबाईनं खडू फळ्याला टेकवूनच ठेवला. शेवटची चिठ्ठी उघडली. वकीलबाई!

भाऊ हरलेच तर पाच-सात मतांनी हरतील, असं काकूंनी धरलं होतं. एका मतानं? म्हणजे सरळसरळ आपणच की!

बेकरीवाला ताडकन उठला. "एक मत! घरभेदी आहे कुणीतरी इथे! भाऊ, तुमचा हक्क आहे, उघडा चिठ्ठ्या. अक्षरं ताडून बघू. आज सोक्षमोक्ष होऊनच जाऊ दे!" मागच्या चार जणांनी त्याची री ओढली. नेत्यांनी निमूटपणे डबा भाऊंपुढे सरकवला. डावा हात काकूंनी पदराखाली लपवला, जणू त्यावर शाईनं लिहिलंच होतं.

भाऊंनी डब्यावर पंजा ठेवला. "नको," ते म्हणाले. "कुणाचं अक्षर बघायचं नाही. बाईंचं नाव पुकारलं गेलं, त्या आता माझ्याही नेत्या." आणि डबा घेऊन ते तडक मागच्या अंगणात गेले. चिठ्ठ्या स्वतःच्या हातानं पत्र्याच्या पिंपात ओतल्या आणि काडी लावली. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. वकीलबाईंचे डोळे भरून आले. बेकरीवाला तर भाऊंच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला.

काकूंना मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. किती मोठ्या मनाचा माणूस, आणि आपण काय केलं हे!

घरी माणसं जमली असणार, म्हणून दोघं दुकानातच गेली. सुट्टीचा दिवस, शटर अर्धं वर केलं. भाऊ सवयीनं तपासणीच्या खुर्चीत टेकले आणि त्यांनी पाय लांब सोडले. काकूंनी पाण्याचा पेला त्यांच्या बरोबर नाकासमोर धरला, आता असाच धरावा लागायचा. मग त्यांना राहवेना.

"अहो, ते मत माझं होतं. डाव्या हातानं लिहिलं मी. काय बोलायचं ते बोला, पण मला तुमचे डोळे हवे होते."

भाऊंचे खांदे हलायला लागले. काकूंना वाटलं, रडतायत. बघतात तर हे हसतायत, इतके की पाणी शर्टावर सांडलं.

"अगं, डबा उघडू दिला असता, तर आधी मीच सापडलो असतो!"

"म्हणजे?"

"मीही बाईंनाच दिलं."

काकू स्टुलावर मटकन बसल्या.

"कडेनं कुणी हात केला तर मला दिसत नाही," भाऊ सांगू लागले, आता हसू ओसरलं होतं. "लोक म्हणतात, भाऊंना माज चढला. परवा समोरच्याशी बोलतोय म्हणून बोलत राहिलो, तर तो केव्हाच कडेला सरकलेला. असा नेता काय कामाचा? पण माघार कुठल्या तोंडानं घेऊ? त्या बेकरीवाल्यानं सहा महिने चपला झिजवल्या. त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून नको म्हणायची हिंमत नव्हती गं माझ्यात. त्याला फसवलं मी, हे जन्मभर टोचणार. पण निकाल लागला आणि छातीवरचा धोंडा उतरला बघ."

काकूंनी बोटांवर हिशोब केला. दोघांतल्या एकानं जरी भाऊंचं नाव लिहिलं असतं, तर भाऊ आत्ता नेते असते. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचा जीव भांड्यात पडला. त्या उठल्या, पदरानं भाऊंचा ओला शर्ट पुसू लागल्या.

भाऊंनी त्यांचा हात धरला. "त्या डॉक्टरांना फोन कर. नवी तारीख माग. देतात का बघ, चार वेळा तोंडघशी पाडलंय त्यांना."

"तीनच वेळा," काकू म्हणाल्या. "गुरुवारची मी रद्दच केली नाही. सकाळी आठला जायचंय, उपाशीपोटी."