चाफ्यावरचे खवले

मला नाशिकला नोकरी लागली तेव्हा माझ्याकडे राहायला येताना आईने गावाहून, देवळ्याहून, चाफ्याची फांदी पिशवीतून आणली आणि आमच्या सोसायटीच्या फाटकाशी लावली. घरातली पहिली पदवी माझी. "तुझ्या शिक्षणाचं झाड हाय हे," ती म्हणायची.

गेल्या उन्हाळ्यात त्याखालच्या गाड्या चिकट होऊ लागल्या. पानांवर काजळी चढली. चेअरमनसाहेबांनी निकाल दिला, "बुरशी आहे. तोडून टाकू."

गावच्या शाळेतल्या बाईंनी मला पहिल्यांदा भिंग हातात दिलं होतं. तेव्हापासून पाहिल्याशिवाय मी काही मानत नाही. हे त्यांचे उपकार. मी फांदीवरचा एक तपकिरी फुगवटा नखाने उचलला. खाली पिठासारखी बारीक अंडी.

"बुरशी अंडी घालत नाही, साहेब. ही खवले कीड आहे. इथली नाही, सोसायटीत आणलेल्या विकतच्या रोपांबरोबर बाहेरून आली असणार. झाडाचा रस पिते आणि गोड पाणी टाकते. तोच हा चिकटा, आणि त्यावरच ही काजळी धरते."

"कॉलेजचं राहू द्या, मॅडम. माझी गाडी कोण धुणार?"

"मी धुते. पण झाडाला करवत लावायची नाही."

"बघतो महिनाभर."

जास्त किडलेल्या फांद्या मी छाटल्या, उरलेल्या साबणाच्या पाण्याने ब्रशने घासल्या. तरी खवले पुन्हा आले. मग खोडावरची मुंग्यांची रांग दिसली. तिच्यामागे खाली गेले, तर बुंध्याशी साखर! आई रोज सकाळी मुंग्यांना घालत होती.

"आई, इथं साखर बंद."

"का गं? मुंग्यांनी काय घोडं मारलं तुझं? लय शिकलीस म्हणून पुण्य पण करायचं नाय?"

मी भिंग तिच्या डोळ्याला लावलं. मुंगी फुगवट्यातून निघालेला थेंब पीत होती.

"त्या गोड पाण्यासाठी मुंग्या किडीला राखतात. कीड खाणाऱ्या किड्यांना हुसकतात."

आई बराच वेळ बघत राहिली. "म्हणजे चोराच्या राखणदाराला मीच जेवू घालत होते व्हय!"

साखर लांबच्या भिंतीशी गेली. मुंग्या वर चढू नयेत म्हणून खोडाला मी ग्रीसची पट्टी बांधली.

महिना भरला, करवतवाला आला. आई बुंध्याशी खुर्ची टाकून बसली होती. "छाटायचं ते आम्ही छाटलंय, बाबा. चहा घे आन् जा."

"पुन्हा चिकटा आला तर?" चेअरमनसाहेब म्हणाले. त्यांनी गाडीच्या टपावर बोट फिरवून पाहिलं होतं, बोटाला काही चिकटलं नव्हतं.

"तर पुन्हा घासू," मी म्हणाले.

चाफ्याला आता नवी पानं आलीत. साहेबांची गाडी मी अजून रोज पुसते. चिकटा नसला तरी पुसते, त्यांच्या खिडकीखाली, त्यांना दिसेल अशी.