बोळातला दिवा

आधी माझ्या हातून काय घडलं ते सांगतो, मग घराचं.

वडील गेल्यावर अकोल्याचं आमचं घर विकायचं मी मनाशी ठरवलं. धाकट्या बहिणीला रजिस्ट्री ऑफिसात नेलं. "वारसांची नावं चढवायची आहेत, तुझी सही लागते," एवढंच सांगितलं. कागद हक्कसोडीचा होता. तिचं नाव चढणार नव्हतं, उतरणार होतं. तिथल्या बाबूनं विचारलं, "ताई, वाचलं ना?" ती म्हणाली, "दादानं वाचलं न." आमच्याकडे बहिणी हक्क सोडतातच, त्यामुळे कुणालाच काही वावगं वाटलं नाही. खरं सांगून सही मागितली असती तरी तिनं बहुतेक दिली असती. मी मागितली नाही. पुढं घर विकलं गेलं, तिथं फ्लॅट उभे राहिले, आणि तिनं एकदाही विषय काढला नाही. बारा वर्षं मी ते सोयीचं धरून बसलो.

गेल्या दिवाळीनंतर अमरावतीला, गच्चीवरच्या खोलीत, तेच घर पुन्हा बांधायला घेतलं. फुटाला एक इंच. संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्या घासून भिंती केल्या. थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कंगव्यावर दाबून छपराच्या पत्र्याच्या पन्हळी उठवल्या. बायको डोकावून म्हणाली, "बाहुलीचं घर? नातवंडं तरी होऊ द्या आधी." मी म्हटलं, "बहिणीसाठी आहे." संध्याकाळी तिनं चहा वर आणून दिला.

भाद्रपदात भुलाबाईची मूर्ती बसायची तो कोनाडा, आईचं शिलाई मशीन, बाबांची आरामखुर्ची, सगळं आठवून केलं. माझ्या टेबलाचे ड्रॉवर तर उघडायचे. दिव्यांनी मात्र छळलं. पहिल्यांदा लावले तेव्हा घर दवाखान्यासारखं पांढरंफटक दिसलं. एकेका दिव्यावर काचेचा पिवळा रंग चढवला. दोनदा तारा जळाल्या. दोन्ही वेळा सगळं उपसून नव्यानं ओढल्या. काम अर्धं सोडायचं नाही आणि बहिणीसमोर दिवे लावायच्या आधी तोंड उघडायचं, या दोन गोष्टी मी स्वतःला बजावल्या होत्या.

अकोल्याच्या बसमध्ये खोकं मांडीवर होतं. कंडक्टर म्हणाला, "काका, देव्हारा नेऊन राहिले काय?"

"घर आहे."

"मंग घराचं अर्धं तिकीट फाडू का?"

बहीण दोन खोल्यांत भाड्यानं राहते. खोकं तिच्या दिवाणावर ठेवलं आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. कागद कसला होता, मी काय म्हणालो होतो. पाणीसुद्धा आधी घेतलं नाही.

ती खोक्याची सुतळी सोडत होती. म्हणाली, "मले समजलं होतं. घर इकलं त्याच आठवड्यात. तू कधी सांगतं, त्याची वाट पाहून राहिली होती मी."

"मग विचारलं काहून नाही?"

"मी काहून विचारू? सही माही होती, खोटं तुह्यं होतं."

मी घर खोक्यातून बाहेर काढून दिव्यांचं बटन दाबलं. ती वाकून एकेका खोलीत पाहत गेली. आईच्या मशीनपाशी थांबली, बोटानं चाक फिरवून पाहिलं. मग मधल्या बोळापाशी तिची नजर अडकली.

"बोळात लाईट नाही, दादा."

नव्हता. समोरच्या खोलीत माझं टेबल होतं, म्हणून ती दहावीपर्यंत बोळातल्या दिव्याखाली पाटावर बसून शिकली. आठ दिवे लावले होते मी. तो नेमका आठवला नव्हता.

"तुह्या टेबलाचे ड्रॉवर उघडतात मात्र," ती म्हणाली.

मी पिशवीतून दुसरा कागद काढला. अमरावतीच्या माझ्या प्लॉटचा अर्धा भाग तिच्या नावानं, बक्षीसपत्राचा मसुदा. "हे फेडल्यासारखं नाही, पण..."

"दे इकडे. या खेपेले आधी वाचीन. मंग पाहू."

तिनं चष्मा शोधून लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. मी गिरमिट काढलं, तारेचा उरलेला तुकडा सोडवला आणि बोळाच्या भिंतीला भोक पाडायला बसलो.

दुसऱ्या पानावर, मान वर न करता, ती म्हणाली, "जरा खाली घे. तिथून वही नव्हती दिसत."