बॅटरीचं पाणी

डहाणूच्या किनाऱ्यालगतच्या शाळेत मी विज्ञान शिकवायची. दरवर्षी सातवीला एकच प्रयोग: साध्या पाण्यात दिवा लागत नाही, मीठ घातलं की लागतो. थाट असा, जणू वीज माझ्या माहेराहून आली होती!

एकदा एका मुलीने विचारलं, "बाई, मिठाऐवजी आपल्या बोअरचं खारं पाणी घेतलं तर?"

करून बघायला दोन मिनिटं पुरली असती. पण पुस्तकात बोअर नव्हती. "पुस्तकात मीठ आहे ना? मग उभी राहा." तास संपेपर्यंत पोर उभी. अशी मी विदुषी.

परवा नात तिचा प्रयोग घेऊन घरी आली. दोन काचांमध्ये सोबत आणलेल्या डब्यातल्या पाण्याचा थेंब, त्यात यीस्टचे कण. खालून प्रकाशाचं वर्तुळ टाकलं की तेवढ्याच जागी वीज जागी होते आणि कण वर्तुळामागे निघतात, नांगरामागे बगळे जातात तसे. संध्याकाळपर्यंत त्याचा व्हिडिओ पाठवायचा होता. त्यावर तिची लॅबमधली जागा ठरणार होती.

कण ढिम्म हलेनात. "आजी, मशीनच गेलं गं," नात रडकुंडीला आली.

दुपारी आमचा इन्व्हर्टर बघायला तीच 'उभी' मुलगी आली. आता अच्छाडला हायवेवर तिचं बॅटरीचं दुकान आहे. झाकण उघडून म्हणाली, "बाई, यात पाणी काठोकाठ! कोणी भरलं?"

"मी. नातीच्या डब्यातलं. वर 'बॅटरीचं पाणी' लिहिलं होतं, म्हणजे इन्व्हर्टरसाठीच असणार ना?"

"आणि तिच्या डब्यात?"

"रिकामा दिसू नये म्हणून... बोअरचं."

नातीने कपाळावर हात मारला. "आजी! ते क्षार काढलेलं पाणी होतं. खाऱ्या पाण्यातून वीज सैरावैरा पळते. कण ओढायला उरणार काय?"

"बाईंनीच शिकवलंय मला," दुकानवाली म्हणाली, "तेही अर्धंच." मग बाहेर लावलेल्या स्कूटरवरचा बॅटरीच्या पाण्याचा नवा डबा तिने काढून आणला. नातीने यीस्ट त्या पाण्याने तीनदा धुतलं, नवा थेंब ठेवला.

वर्तुळ सरकलं. कण हलले, आणि निघाले की त्याच्या मागे! नातीने व्हिडिओ पाठवला तेव्हा पाच वाजून गेले होते. मी उगाच चष्मा पुसत होते.

दुकानवाली मात्र दारातच उभी.

"बाई, आता बसू का?"