एकाच हसण्याच्या पाच कवळ्या

तिला सगळा रस्ता कवळीवाली म्हणायचा. हे नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नाही, पण तिला ते मनापासून आवडायचं. "लोक एकमेकांचे दात घशात घालतात, मी तोंडात बसवते," असं ती म्हणायची, आणि समोरचा हसला की बोलता बोलता त्याचे दात बघून घ्यायची. बाई हाडाची कारागीर होती, तिला कोण काय करणार!

दातांच्या दवाखान्याच्या मागे, जिन्याखालच्या दोन खोल्यांत तिचं काम चालायचं. एका खोलीत प्लास्टर, दुसरीत मेण. दवाखान्यातून रुग्णाच्या हिरड्यांचा ठसा यायचा, ती त्यावरून प्लास्टरचा साचा काढायची आणि साच्यावर गुलाबी मेणात एकेक दात बसवायची. फळ्यांवर असे साचे ओळीने मांडलेले असत. नुसती उघडी तोंडं, वर चेहरा नाही. नवा माणूस आत आला की दारातच थबकायचा. ती मात्र रोज सकाळी दिवा लावताना "काय मंडळी, झाली का झोप?" असं त्यांना विचारून कामाला बसायची.

तिची एक पद्धत होती. पेशंटकडून ती जुना फोटो मागून घ्यायची, खरे दात शाबूत असतानाचा. एखाद्याच्या पुढच्या दातांत फट असेल तर ती फट ठेवायची, सुळा वाकडा असेल तर वाकडाच बसवायची. सरळ, एकसारखे दात लावले की माणूस घरच्यांना परका वाटतो, हे तिचं ठाम मत. मेणातली कवळी आधी पेशंटच्या तोंडात लावून बघायची, त्याला पटली की मगच ती पक्की करायची. वीस वर्षांत तिची मेणातली कवळी क्वचितच परत आली होती.

आता तिच्या आजाराबद्दल. तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तिचं मन अधूनमधून खोल खाली जायचं आणि कधीतरी वर जायचं. खाली जाणं सगळ्यांना दिसायचं, वर जाणं कुणालाच नाही. चार वर्षांपूर्वी ती अशीच वर गेली होती. आठवडाभर धड झोप नव्हती, डोक्यात दातांचं मोठं संग्रहालय काढायचं घेतलं होतं. त्यासाठी इमारत बघायला म्हणून ती सात वर्षांच्या लेकीला घेऊन निघाली, बसस्थानकावरच्या बाकावर तिला बसवलं, "दोन मिनिटांत आले," म्हणाली आणि रात्री आठला परत आली. पोरगी त्याच बाकावर बसून होती. पाय खाली सोडले तर आई ओळखणार नाही, असं काहीतरी तिच्या डोक्यात बसलं होतं, म्हणून पाय वर घेऊन.

त्यानंतर दीड वर्ष लेक मावशीकडे राहिली. परत आणून सोडताना ताईने स्पष्ट सांगितलं, "पुन्हा तसं झालं, तर ही माझ्याकडे राहील. कायमची. तू माझी बहीण आहेस, पण ही लहान आहे." कवळीवालीने मान हलवली होती. ताईचं चुकत नव्हतं, हेच तर जास्त लागलं होतं.

तिच्या मनाच्या डॉक्टरीणबाईंनी तिला सुरुवातीच्या खुणा शिकवल्या होत्या. झोप कमी आणि तरी थकवा नाही. बोलण्याला वेग. एकावर एक कल्पना. दुसऱ्यांचा संथपणा डोक्यात जाणं. "आणि एक लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या होत्या, "ताप आला की माणूस म्हणतो, मला बरं नाही. यात माणूस म्हणतो, इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं. हे सांगणारा आवाज बाहेरचा नसतो, तुमचाच असतो. म्हणून लवकर कळवा, उशीर करू नका." तिने हे सगळं परीक्षेला बसल्यासारखं पाठ केलं. हुशार विद्यार्थिनीच ती. त्यामुळे प्रत्येक खुणेला काय उत्तर द्यायचं, तेही तिला आपोआप येऊ लागलं.

त्या महिन्यात तिला पहाटे साडेतीनला जाग येऊ लागली. टक्क जाग, अंगात काडीचा आळस नाही. वय झालं की झोप कमी होतेच, असं तिने ठरवलं. कामाचा झपाटा असा की आठवड्याचं काम दोन दिवसांत उरकायचं. दाताच्या दोन छटांच्या मधली तिसरी छटाही तिला दिसू लागली. प्लास्टरचा पांढरा रंग तर बघवत नव्हता, इतका पांढरा. आणि लेकीबरोबरचे दिवस काय सांगावेत! एका दुपारी तिने पोरीच्या खोलीची भिंत पिवळीधमक रंगवून टाकली, जेवताना सगळ्या शिक्षकांचे आवाज काढले. पोरगी हसून हसून ठसका लागेपर्यंत हसली.

फक्त एक गोष्ट विचित्र होती. रस्त्याने चालताना तिला वाटायचं की आपल्या अर्धं पाऊल पुढे कुणीतरी चाललंय. आपल्याच चपला घालून, आपलीच ओढणी घेऊन. ती वेग वाढवायची, तर पुढचीही वाढवायची. तिला त्याची भीती नाही वाटली, उलट मजा वाटली.

मग एका दुपारी दातांचे डॉक्टर स्वतः जिन्याखाली आले. वयस्कर, मऊ बोलणारा माणूस. त्यांनी मेणातल्या तीन कवळ्या टेबलावर ठेवल्या.

"परत आल्यात," ते म्हणाले. "बसचालक आहेत ना आपले, ते म्हणाले, दात झकास आहेत, पण कुणाचे आहेत? आणि ही मास्तरांची. त्यांची बायको म्हणाली, हे हसले की मला भीती वाटते."

"त्या बाईला चष्मा लावायला सांगा!" कवळीवाली कडाडली. "इतकं चांगलं काम मी उभ्या जन्मात केलं नाही. लोकांना कळायला तर हवं!"

डॉक्टर वाद घालणारे नव्हते. "एकदा फोटोंशी ताडून बघा, बाई," एवढंच म्हणून ते वर गेले.

तणतणतच तिने पेशंटचे जुने फोटो बाहेर काढले. त्या तिन्ही कवळ्यांच्या शेजारी नुकत्याच झालेल्या आणखी दोन ठेवल्या आणि खिडकीचा पडदा सरकवला. दुपारचं ऊन थेट टेबलावर आलं.

पाच कवळ्या. पाच वेगवेगळ्या माणसांच्या, लहानमोठ्या जबड्यांच्या. आणि पाचही एकच हसू हसत होत्या.

पुढचा डावा दात शेजारच्यावर किंचित चढलेला. उजवा सुळा जरासा बाहेर. चालकाच्या फोटोत तसं नव्हतं, मास्तरांच्याही नव्हतं, कुणाच्याच नव्हतं. हे दात कुणाचे, हा विचार करता करता तिची जीभ आपसूक स्वतःच्या दातांवरून फिरली. चढलेला डावा दात तिच्या जिभेला लागला. पुढे सुळाही लागला.

तिच्या हातांनी तिला न विचारता पाच माणसांच्या तोंडांत तिलाच बसवलं होतं. बरं, ते तिचं रोजचं हसू नव्हतं. ती हसली तर जेमतेम दोन दात दिसायचे. इथे दात इतके पुढे आणि खाली बसवले होते की लावणाऱ्याला ओठ मिटताच आले नसते. त्याला हसतच राहावं लागलं असतं, झोपेत, जेवताना, कुणाच्या मयतालाही. असं हसताना तिने स्वतःला फक्त एकदाच पाहिलं होतं, ताईच्या मोबाईलमधल्या एका फोटोत. लेकीला बाकावर सोडलं, त्या दिवशी सकाळी काढलेल्या.

त्याच क्षणी मनात कुणीतरी प्रेमाने म्हणालं, काही नाही गं, त्यांना काय कळतंय, तू आता कुठे खरी बहरते आहेस. आवाज अगदी तिचाच होता. जरासाही फरक नव्हता.

तिने नीट हिशेब मांडला. नऊ रात्री, रोज चार तास झोप. मग तिने दिवा पेटवला. वितळवून टाकावं सगळं, नव्याने करावं, कुणाला पत्ता लागणार नाही, ताई तर परगावी. तिने चालकाची कवळी ज्योतीवर धरली. मेण मऊ झालं, दात हळूहळू घसरले आणि ते हसू आणखी रुंद झालं. तिने घाईघाईने दिवा विझवला, कवळी तशीच टेबलावर टाकली आणि खोलीला कुलूप लावलं.

घरी येताना पुढे चालणारीकडे तिने बघितलं नाही. मुद्दाम हळू चालली. किती अवघड होतं ते! प्रत्येक पाऊल ओढून धरावं लागत होतं.

दार उघडताच चपला न काढता तिने आधी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी गोळ्या नियमित चालू आहेत का विचारलं, स्वतःच्या मनाने काही बदलू नका म्हणाल्या आणि संध्याकाळी सहालाच बोलावलं. मग तिने ताईला फोन केला. सगळं सांगितलं, कवळ्यांसकट.

"तू आपणहून फोन केलास?" ताईने विचारलं.

"हो."

"मग उद्या सकाळच्या गाडीने येते मी. पोरीला न्यायला नाही, घाबरू नकोस. तुमच्या दोघींजवळ राहायला."

फोन ठेवून ती वळली तर लेक दारात उभी. शाळेचा गणवेश अजून अंगावरच, हातात पेन्सिल. सगळं ऐकलं होतं तिने.

"ये इकडे," कवळीवाली म्हणाली. "ऐकलंस ना? मला पुन्हा तसं व्हायला लागलंय. पण या वेळी लवकर सापडलं. नऊच दिवस झालेत."

"दहा," लेक म्हणाली.

"काय?"

"दहा झालेत, आई. पहिल्या दिवशी तू पहाटे गाणं म्हणत होतीस. मी जागी होते."

कवळीवाली तिच्यासमोर खुर्चीत बसली. "तुला माहीत होतं? मग सांगितलं का नाहीस मला? मावशीकडे जावं लागेल म्हणून?"

पोरीने मान हलवली. तसं नव्हतं. ती पेन्सिलीचं टोक बोटाने दाबत राहिली. मग खाली बघत म्हणाली, "तू किती छान होतीस. मला वाटलं, अजून एकच दिवस राहू दे. रोजच वाटायचं."

कवळीवालीने तिला जवळ ओढलं आणि ती ढसाढसा रडली. रोज पहाटे साडेतीनला, डोळे टक्क उघडे ठेवून, तिनेही स्वतःला नेमकं हेच सांगितलं होतं.